इडिटारॉड घरबसल्या कशी पाहावी

ज्या खेळाचे क्रीडांगण हजार मैल लांब आहे, ज्यातील स्पर्धक प्रेक्षकांच्या दृष्टीस पहिल्या दिवशी काही तास आणि अखेरीस काही मिनिटे एवढेच पडतात, आणि मधल्या आठ-दहा दिवसांत ज्यांची वार्ता नकाशावरील ठिपक्यांच्या व नोंदवहीतील आकड्यांच्या रूपानेच काय ती बाहेर येते, अशा खेळाचा कोणास छंद लागावा हे प्रथमदर्शनी विलक्षण वाटेल. तथापि अलास्कातील इडिटारॉड या श्वानशर्यतीचे चाहते जगभर विखुरलेले आहेत, आणि शर्यत एकदा अरण्यात शिरली की अँकरेजच्या नागरिकाची व पुण्याच्या सदाशिव पेठेतील गृहस्थाची अवस्था जवळजवळ सारखीच होते. जे एकाला दिसत नाही ते दुसऱ्यालाही दिसत नाही. ज्याला हा छंद नव्याने जोडावयाचा आहे त्याच्यासाठी पुढील सूचना आहेत, आणि त्या सर्वांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: येथे कोण किती धावला यापेक्षा कोण केव्हा, कोठे आणि किती विसावला हे वाचता येऊ लागले म्हणजे मगच शर्यत दिसू लागते.

दक्षिण अलास्कातील अँकरेज शहरापासून बेरिंग समुद्राच्या काठच्या नोम गावापर्यंत कुत्र्यांच्या स्लेजगाडीने जावयाचे, असा हा एकंदर प्रकार. वाट जुनी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी सोन्याच्या खाणींकडे टपाल आणि माल नेणारी पथके तिनेच जात, आणि इडिटारॉड हे त्यांपैकी एका खाणगावाचे नाव, जे आज ओसाड पडलेले आहे. पुढे यांत्रिक बर्फगाड्या आल्या, गावोगावची जुंपणीची कुत्री नाहीशी होऊ लागली, तेव्हा ती विद्या आणि ती वाट दोन्ही टिकावीत म्हणून जो रेडिंग्टन नामक गृहस्थाने खटपट करून १९७३ साली नोमपर्यंतची पहिली शर्यत घडवून आणली. १९२५ मध्ये नोम येथे घटसर्पाची साथ आली असता सुमारे वीस चालकांनी आळीपाळीने पथके हाकून साडेपाच दिवसांत तेथे प्रतिविष पोहोचविले होते, आणि त्या प्रसंगाच्या स्मरणार्थच ही शर्यत निघाली असा समज सर्वत्र रूढ आहे. वृत्तपत्रांना तो विशेष प्रिय आहे, आणि त्या प्रसंगातील बाल्टो या कुत्र्याची गोष्ट मुलांनाही ठाऊक असल्यामुळे तो पुसला जाण्याचा संभव थोडा. रेडिंग्टनचा मुख्य हेतू मात्र वर सांगितला तोच होता. अंतर १,०४९ मैल असल्याचे सांगण्याची प्रथा आहे. त्यातील ४९ हा आकडा अलास्का हे संघराज्यातील ४९वे राज्य म्हणून मानाने जोडलेला आहे, प्रत्यक्ष वाट दरसाल थोडीफार कमीजास्त होते. मधला भाग तर सम वर्षी उत्तरेकडून आणि विषम वर्षी दक्षिणेकडून जातो, म्हणजे जुने इडिटारॉड गाव फक्त विषम वर्षीच वाटेवर लागते.

घड्याळाची व्यवस्था आधीच लावून ठेवणे श्रेयस्कर. शर्यतीचा समारंभपूर्वक आरंभ मार्चच्या पहिल्या शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास अँकरेजच्या रस्त्यांवर होतो, तेव्हा आपल्याकडे शनिवारची मध्यरात्र उलटून रविवार लागून अर्धा तास झालेला असतो. हा केवळ मिरवणुकीचा भाग. गाड्यांतून पाहुणे बसलेले असतात, वेळ मोजली जात नाही, आणि झोप प्रिय असणाऱ्याने तो खुशाल सोडावा. खरी सुरुवात दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला विलो येथे होते, आपली सोमवारची पहाट, साडेचार. मात्र अमेरिकेतील घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे सरकतात, आणि हा रविवार कधी विलोच्याच दिवशी, तर बहुधा त्यानंतर आठवड्याने, ऐन समुद्रकाठच्या टप्प्यात येतो. त्यामुळे साडेचौदा तासांचा फरक साडेतेरा तासांवर येतो. हे विस्मरणात गेले तर विजेता नोमला पोहोचल्यावर तासाभराने आपण त्याची वाट पाहत बसलो आहोत असे घडू शकते.

विलोहून पथके दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सुटतात. एक क्रमांक कोणा सन्माननीय व्यक्तीसाठी राखून ठेवलेला असतो, म्हणून पहिला प्रत्यक्ष स्पर्धक दोन क्रमांकाचा. पन्नास पथके असली तर पहिल्याला शेवटच्यापेक्षा दीड तासाहून अधिक आघाडी मिळते, आणि हा अन्याय पुढे एका नामी तरतुदीने दूर केला जातो, ती अशी. प्रत्येक मशरला, म्हणजे पथक हाकणाऱ्याला, तीन सक्तीच्या विश्रांती घ्याव्या लागतात: एक चोवीस तासांची, जी कोठे घ्यावी हे त्याच्या मर्जीवर आहे, एक आठ तासांची, युकॉन नदीवरील कोणत्या तरी ठाण्यावर, आणि एक आठ तासांची, नोमपासून ७७ मैल अलीकडे व्हाइट माउंटन येथे. चोवीस तासांच्या विश्रांतीतच आरंभीच्या फरकाची वजाबाकी होते, म्हणजे जो विलोहून आधी सुटला तो तितकी मिनिटे अधिक अडकून राहतो. ही मोठी विश्रांती सर्वांची होईपर्यंत नकाशावर पुढे दिसणारा मनुष्य पुढे आहे असे मानणे व्यर्थ होय, आणि नवख्या प्रेक्षकाची पहिली फसगत येथेच होते.

उदाहरणच घ्यावयाचे तर समजा, उत्तरेच्या वाटेवर एक मशर टाकोटना येथे चोवीस तास पुरे करून आताच निघाला आहे, आणि दुसरा तेथे न थांबता पुढच्या क्रिपल या ठाण्यापर्यंत गेला असून त्याची मोठी विश्रांती तेथे आता सुरू होत आहे. दोघांमध्ये नव्वदाहून अधिक मैलांचे अंतर आहे. पहिल्याचे पथक ताशी आठ मैलांनी धावते आणि जितका वेळ धावते साधारण तितकाच वेळ विसावते असे धरले, तर चोवीस तासांत बारा तासांची धाव, म्हणजे ९६ मैल. दुसरा क्रिपलहून सुटेल त्याच सुमारास पहिला तेथे हजर होईल! नकाशावरचे शंभर मैल कागदावर शून्य झाले, आणि आता प्रश्न एवढाच उरला की कोणाची कुत्री अधिक ताजी आहेत. हा हिशेब पेन्सिलीने वहीत मांडण्यात जो आनंद आहे तो ज्याला रुचत नसेल त्याने या शर्यतीच्या वाटेस न जाता क्रिकेटवर समाधान मानणे बरे.

प्रत्येक स्लेजवर उपग्रहाद्वारे स्थान कळविणारे यंत्र बसविलेले असते आणि शर्यतीच्या व्यवस्थापनाचा नकाशा वर्गणी भरून पाहता येतो. त्याबरोबरच ठाण्यांची नोंदवही असते. तीत आगमनाची वेळ, प्रयाणाची वेळ, पथकातील कुत्र्यांची संख्या, आधीच्या ठाण्यापासून लागलेला वेळ असे रकाने असतात. माझे स्पष्ट मत आहे की नकाशा कमी आणि नोंदवही अधिक पाहावी. ठिपका थांबला की मन लगेच शंका घेऊ लागते, पण मशरने वाटेतच तळ ठोकला असेल, किंवा यंत्राचा संदेश अडखळला असेल. आणि रात्री दोन वाजता स्थिर ठिपक्याकडे टक लावून बसल्याने तो हलत नाही. नोंदवहीचे तसे नाही. त्याच दोन ठाण्यांमधील अंतर तोडण्यास दोन पथकांना किती वेळ लागला, मागच्या खेपेपेक्षा गती टिकली की ढासळली, विश्रांती लांबत आहे की आखडत आहे, हे तीतून नेमके कळते. ज्याचे पथक पाच तासांच्या विसाव्यानंतरही पूर्वीच्याच वेगाने निघते त्याच्यावर खूण करून ठेवावी, मग तो आठव्या क्रमांकावर का असेना.

विसावा म्हणजे नेमके काय घडते, हे एकदा ध्यानात आणून ठेवले म्हणजे रकान्यातील कोरडे आकडे बोलू लागतात. पथक ठाण्यावर येते. तपासनीस वेळ टिपतो आणि गाडीतील सक्तीचे सामान पाहतो: झोपण्याची पिशवी, कुऱ्हाड, बर्फावर चालण्याचे जोडे, शिधा शिजविण्याची चूल, कुत्र्यांचे जादा मोजे, पशुवैद्यकीय नोंदींची वही, आणि जुन्या डाकमार्गाची आठवण म्हणून दिलेले टपालाचे पुडके. मग मशर पेंढ्याची गाठोडी फोडून प्रत्येक जोडीखाली पेंढा पसरतो, आणि कुत्री त्यावर गोल फिरून नाक शेपटीखाली खुपसून आडवी होतात. त्याला मात्र आडवे होता येत नाही. तो एकेका पंजावरचे मोजे सोडवितो, बोटांच्या बेचक्यांत मलम भरतो, चूल पेटवून बर्फ वितळवितो, आणि आधीच विमानाने तेथे येऊन पडलेल्या आपल्या नावाच्या पोत्यांतून गोठलेले मांस काढून गरम पाण्यात घालतो, कारण कडाक्याच्या थंडीत धावणाऱ्या या कुत्र्याला दिवसाला सुमारे दहा हजार कॅलरी लागतात. पशुवैद्य प्रत्येक कुत्र्याचे हृदय, सांधे, पाणी कमी झाले आहे काय हे पाहून वहीवर सही करतो. एवढे सगळे उरकेपर्यंत दीड-दोन तास जातात. सहा तासांच्या विसाव्यातून मनुष्याच्या वाट्याला फार तर दोन-तीन तास उरतात, आणि तेही ओले कपडे वाळत घातलेल्या एखाद्या सभागृहाच्या फरशीवर. चार तासांची विश्रांती असे नोंदवहीत दिसले की मशर झोपलाच नाही असे खुशाल समजावे.

कुत्र्यांच्या संख्येचा रकानाही असाच समजून घ्यावयाचा आहे. आरंभीची कमाल संख्या नियमाने वेळोवेळी बदलत आली आहे, अलीकडे कधी १४ तर कधी १६. वाटेत एखादे लंगडले, खाईनासे झाले किंवा नुसते उदास दिसले तरी मशर त्याला ठाण्यावर पशुवैद्यांच्या स्वाधीन करतो, आणि स्वयंसेवक वैमानिकांची विमाने त्याला परत नेतात; बदली कुत्रे घेण्याची मुभा नाही. संख्या घटणे हे अपयशाचे लक्षण नव्हे, कित्येक विजेते दहाच्या आसपास कुत्री घेऊन नोमला पोहोचलेले आहेत. पण म्होरक्या कुत्र्यालाच परत पाठवावे लागले अशी वार्ता आली तर कान टवकारावेत, कारण उजवी-डावीकडे वळण्याचा हुकूम समजणारे आणि वादळात वाट न सोडणारे कुत्रे पथकात दोन-तीनच असतात.

वाटेचे टप्पे स्वभावाने निरनिराळे आहेत. पहिले दोन दिवस अलास्का पर्वतराजीचे: रेनी पास चढून गेल्यावर डाल्झेल घळीतून रोनकडे जो उतार आहे तेथे बर्फ कमी पडले की गाड्या मोडतात आणि माणसांची हाडेही, २०१४ साली तेथे अनेक मशर जायबंदी झाले. त्यापुढे मॅकग्रा, टाकोटना, ओफिर हा मोठ्या विश्रांतीचा प्रदेश, जेथे डावपेच उघडे पडतात. नवख्याने वेळ काढावयाचा असेल तर येथे काढावा. युकॉनचा पट्टा सपाट, अतिथंड आणि प्रेक्षकाला कंटाळवाणा. युकॉनवर प्रथम पोहोचणाऱ्याला एका हॉटेलाचा आचारी नदीकाठच्या गावी येऊन अनेक पदार्थांचे साग्रसंगीत भोजन वाढतो; दाढीवर बर्फ गोठलेला मनुष्य चादर घातलेल्या टेबलाशी बसून डुलक्या घेत ते संपविण्याचा यत्न करीत असलेला दिसतो, आणि हा मान मिळविण्यासाठी वेग वाढविणाऱ्याकडे जाणते चाहते जरा संशयानेच पाहतात. काल्टॅगपासून वाट पश्चिमेस वळून उनालाक्लीटला समुद्रास भिडते, आणि तेथून पुढे वारा हाच खरा प्रतिस्पर्धी. शाक्टूलिक ते कोयुक हा टप्पा गोठलेल्या समुद्रावरचा. १९८५ मध्ये इतर सर्व मशर वादळ ओसरण्याची वाट पाहत असता लिबी रिडल्स शाक्टूलिकहून एकटी निघाली आणि ही शर्यत जिंकणारी पहिली स्त्री ठरली. या टप्प्यापासून हवामानाचा अंदाज नोंदवहीइतक्याच काळजीने वाचावा.

व्हाइट माउंटनहून दोन तासांच्या आघाडीने निघालेला मशर सामान्यतः विजयी समजण्यास हरकत नाही, असा एक ठोकताळा आहे, आणि तो २०१४ साली ज्या प्रकारे मोडला त्याची हकीकत प्रत्येक चाहत्याला तोंडपाठ असते. जेफ किंग आघाडीवर होता. किनाऱ्यावरच्या झंझावाताने त्याचे पथक वाटेबाहेर उडाले आणि त्याला शर्यत सोडावी लागली. मागून आलेली अॅली झर्कल सेफ्टी या शेवटच्या ठाण्यावर वादळ शमण्याची वाट पाहत थांबली. त्यामागून डॅलस सीव्ही आला, ठाण्यावर जेमतेम हजेरी देऊन पुढे गेला. पुढचे दोघेही आता पुढे नाहीत याचा त्याला पत्ताच नव्हता, आपण तिसरे आहोत आणि मागून येणारा दिवा शर्यतीतच असलेल्या आपल्या वडिलांचा, मिच सीव्हीचा, आहे अशा समजुतीने तो पळत होता. तो दिवा झर्कलचा होता. नोमच्या अंतिम रेषेवरील कमानीखाली ती पोहोचली तेव्हा तो पोहोचून अडीच मिनिटेही उलटली नव्हती, आणि आपण जिंकलो हे त्याला तेथे कोणी तरी सांगितले. सहस्रावधी मैलांवर नकाशा उघडून बसलेल्या माणसांना जे कळत होते ते स्वतः विजेत्याला ठाऊक नव्हते. दूरस्थ प्रेक्षकाच्या वाट्याला येणारे हे सुख दुसऱ्या कोणत्याही खेळात क्वचितच मिळेल.

बातमीसाठी अँकरेजच्या दैनिकाइतकेच नोमच्या केएनओएम या नभोवाणी केंद्राकडे लक्ष द्यावे असे मी सुचवीन. गावातल्या माणसांनी गावातल्या माणसांसाठी केलेले ते प्रसारण आहे. कोणत्या खाडीवर पाणी वर आले आहे, वारा कोणत्या बाजूचा आहे, हे त्यांना आपल्या अंगणासारखे ठाऊक असते. नियमपुस्तकही चाळून ठेवावे. त्यात मनोरंजक कलमे आहेत: स्वसंरक्षणार्थ मूस हा अजस्र हरिण मारावा लागला, तर त्याचे आतडे काढून मांस उपयोगात येईल अशी व्यवस्था मशरने केलीच पाहिजे. २०२४ साली डॅलस सीव्हीला हे काम अपुरे केल्याबद्दल दोन तासांची शिक्षा झाली, आणि तरीही तो जिंकला, सहाव्यांदा.

जुन्या विक्रमांशी तुलना करताना वाट कोणती होती हे आधी पाहावे. मिच सीव्हीचा आठ दिवस, तीन तास, चाळीस मिनिटांचा २०१७चा विक्रम फेअरबँक्सहून निघालेल्या सपाट नदीवाटेवरचा आहे, कारण त्या वर्षी दक्षिणेस पुरेसा बर्फच नव्हता. २००३, २०१५ आणि २०२५ सालीही हेच घडले. २०१६ मध्ये तर अँकरेजच्या रस्त्यांवर पसरण्यासाठी आगगाडीतून बर्फ आणावा लागला. २०२१ साली करोनाच्या साथीमुळे शर्यत नोमला गेलीच नाही, अर्ध्या वाटेवरून माघारी फिरली. त्याच्या आदल्या वर्षीचा विजेता, नॉर्वेचा थॉमस वार्नर, विमाने बंद पडल्यामुळे जूनपर्यंत कुत्र्यांसह अलास्कात अडकून राहिला आणि अखेर एका संग्रहालयात जावयास निघालेल्या जुनाट मालवाहू विमानातून घरी गेला. अशा तळटीपा सोबत घेतल्यावाचून आकड्यांची यादी वाचणे धोक्याचे.

एक विषय राहतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. या शर्यतीत कुत्री मरतात. दरसाल नव्हे, पण २०२४ मध्ये तीन मेली. प्राणिहितवादी संस्थांचा विरोध दीर्घकाळचा आहे, आणि त्यामुळे काही मोठे आश्रयदाते दूर झालेले आहेत. दुसऱ्या बाजूस आरंभापूर्वी प्रत्येक कुत्र्याची रक्ततपासणी व हृदयतपासणी होते, ठाण्याठाण्यावर पशुवैद्य असतात, आणि ही कुत्री जुंपणीसाठी ओरडून जीव टाकतात हे पाहणाऱ्याला नाकारता येत नाही. बैलगाडा शर्यतीवरील बंदी, कायद्यातील दुरुस्ती आणि मे २०२३ मधील सर्वोच्च न्यायालयाचा निकाल हा सारा वाद ज्या महाराष्ट्राने इतकी वर्षे ऐकला, तेथील वाचकाला दोन्ही बाजूंचे युक्तिवाद नवे वाटणार नाहीत. माझ्यापुरते म्हणावयाचे तर ज्या मशरची विश्रांती नियमाहून अधिक असते आणि जो हवा बिघडली असता ठाण्यावर बसून राहतो त्याच्या बाजूने मी असतो, मग तो हरला तरी चालेल. मृत्यूची वार्ता आली की ती सोडून पुढच्या ओळीकडे जाऊ नये. कारण काय दिले आहे, त्या पथकाचा विसावा किती होता, हे त्याच नोंदवहीतून पाहता येते.

विजेता आला की बहुतेक लोक नकाशा मिटतात. तसे करू नये. २०२३ साली अवघी ३३ पथके होती, एवढ्यांना शेवटपर्यंत सांभाळणे कठीण नाही. आणि आठव्या दिवशीच्या चुरशीपेक्षा बाराव्या दिवशी एकट्याने वारा झेलीत येणाऱ्या नवशिक्याची वाटचाल पुष्कळदा अधिक वाचनीय असते, कारण त्याच्या चुकाही नोंदवहीत उतरलेल्या असतात. सर्वांत मागून येणाऱ्याला लाल कंदील देण्याची रीत आहे, आणि तो येईपर्यंत नोमच्या कमानीवर एक दिवा तेवत ठेवतात. प्रत्येक पथक गावाजवळ आले की भोंगा वाजतो, रात्री तीन वाजले असले तरी.

हे सारे अंगवळणी पडल्यावर ज्याला अधिक हवे असेल त्याने नॉर्वेतील फिनमार्क्सलोपेट पाहावी: आल्ता गावाहून निघणारी, सुमारे बाराशे किलोमीटरची, १९८१ पासून चालत आलेली. आपल्या आणि तिकडच्या घड्याळात साडेचार तासांचाच फरक असल्याने ती दिवसाउजेडी पाहता येते. अडचण एवढीच की तीही मार्चमध्येच येते आणि दोन्ही शर्यती बहुधा एकमेकींवर पडतात, तेव्हा दोन नोंदवह्या ठेवावयाच्या की एकीवर भागवावयाचे, हे ज्याने त्याने आपली कचेरी आणि घरच्यांची सहनशक्ती पाहून ठरवावे.